जिना पुसला नाही म्हणून शेजारणीची चिठ्ठी (स्टुटगार्ट). उत्तर द्यावं का?

गवतीचहा (सोमवार, रात्री ९:१४)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही चार महिन्यांपूर्वी स्टुटगार्टला आलो. नवरा, मी आणि पाच वर्षांची लेक. आधी कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या घरात होतो, या घरात येऊन सहा आठवडे झाले. जुनी चौमजली इमारत, मजल्यावर दोन घरं, लाकडी जिना. घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवून झाला, बँक झाली, विमा झाला, लेकीची बालवाडीही लागली. म्हटलं, सुटलो एकदाचे.

काल संध्याकाळी दारावर चिठ्ठी. चौकोनी कागद, फाउंटन पेन, निळी शाई, ओळी इतक्या सरळ की खाली पट्टी धरली असावी. मजकूर साधारण असा: "सन्माननीय शेजारी, गेले तीन आठवडे आपल्या मजल्यावर केरवोखे झालेले नाही. आपण लक्ष द्यावे ही विनंती. मैत्रीपूर्ण नमस्कारांसह," आणि खाली समोरच्या दारावरच्या बाईंचं आडनाव.

बाई सत्तरीच्या असतील. रोज जिन्यात भेटतात. मी "ग्र्यूस गॉट" म्हणते, त्याही म्हणतात. काल सकाळीसुद्धा भेटल्या! तोंडाने सांगायला काय झालं होतं? चार पावलांवर दार आहे. मला इतका राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली की रात्री नीट झोप नाही.

आता सांगा, चिठ्ठीला उत्तर द्यावं, दार वाजवून बोलावं, की मुकाट फडकं मारावं? आणि तुम्हाला तिकडे रुळायला किती दिवस लागले?

तिरपागडा (सोमवार, रात्री ९:२०)

नावातच 'केर' आहे, आणि तुम्हाला कळलं नाही?

पोस्टमास्तर (सोमवार, रात्री १०:०५)

गवतीचहा, स्वागत. मी या भागात बावीस वर्षं आहे, त्यामुळे ही चिठ्ठी मला अगदी ओळखीची.

केरवोखे म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ही खास श्वाबेन प्रांताची भानगड. बर्लिनवाल्यांना सांगाल तर हसतील. 'लहान' केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यासमोरची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना, तो समोरासमोरच्या घरांनी आलटून पालटून करायचा. 'मोठं' म्हणजे तळघर, अंगण, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ, ते अख्ख्या इमारतीत फिरतं. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांतच प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला बाहेर न्यावा असं लिहिलेलं होतं. म्हणजे तिकडे कोलंबस निघाला तेव्हा इकडे जिन्याची पाळी ठरत होती. आता हे बहुतेक ठिकाणी भाडेकराराला जोडलेल्या घरनियमांत असतं. तुमचा करार काढून शेवटची पानं वाचा.

आणि मुख्य प्रश्न: पाटी कुठे आहे? ज्याचा आठवडा असतो त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकवलेली असते. काम झालं की आपण ती समोरच्या दाराला लावायची. पाटी आली म्हणजे पाळी आली. यात कोणी कोणाला तोंडाने काही सांगत नाही.

गवतीचहा (सोमवार, रात्री १०:३१)

करार काढला. पान १९, कलम १२. आहे. :( सही माझीच.

पण पाटी मी या घरात आल्यापासून एकदाही पाहिलेली नाही. शपथेवर.

बोरूबहाद्दर (मंगळवार, सकाळी ७:४८)

एवढं शिकूनसवरून परदेशात जायचं आणि तिथे जिने पुसायचे! आमच्याकडे अशी परिस्थीती नाही बुवा. सकाळी बाई येते, जिना झाडून पुसून जाते, महिन्याला सगळे मिळून पैसे देतो. चिठ्ठी नाही, पाटी नाही. परत या, भारत बोलावतोय.

वेलांटी (मंगळवार, सकाळी ७:५५)

'परिस्थीती' नव्हे, 'परिस्थिती'. बाकी चालू द्या.

सातवीण (मंगळवार, सकाळी ९:१०)

बोरूबहाद्दर, तुमच्या जिन्यात ती बाई ओणवी होऊन पुसत असते तेव्हा तुम्ही काय करता? मी सांगते, कारण मी तेच करत आले. चप्पल हातात न घेता ओल्यावरून टाचा उचलून टुणटुण करत जायचं आणि वर "सॉरी हं मावशी" म्हणायचं. तिचं आडनाव मला आठ वर्षांत माहीत नव्हतं.

हॅम्बुर्गला आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा संडास घासला. वय २९. एम.टेक. दरवाजा लावून घासला, जणू कोणी बघेल. पहिल्या दिवशी रडूही आलं, खोटं कशाला बोलू. रडण्याचं कारण काम नव्हतं. हे काम 'आपलं' नाही असं माझ्या आत किती खोल बसलंय ते तेव्हा दिसलं, त्याची लाज वाटली. इथे माझा वरिष्ठ, ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, शनिवारी स्वतःच्या घराच्या खिडक्या पुसतो आणि सोमवारी ते सांगतोसुद्धा.

इथे सगळं आदर्श आहे असं नाही. ऑफिसं रात्री साफ करणारी माणसं इथेही बहुतेक बाहेरून आलेलीच असतात, आणि त्यांचं आडनावही कोणाला माहीत नसतं. पण निदान स्वतःच्या घराचा जिना पुसणं हा अपमान नाही.

गवतीचहा, फडकं घ्या आणि पुसून टाका. दहा मिनिटांचं काम.

कोरा_कागद (मंगळवार, सकाळी ९:४०)

सातवीण +१. टाचा उचलून टुणटुण... अगदी डोळ्यासमोर आलं.

रानवारा (मंगळवार, दुपारी १:२२)

सगळे फारच समजूतदार झालेत म्हणून जरा वेगळं बोलतो. राग येऊ देऊ नका.

मी घर शोधत होतो तेव्हा माझ्या नावाने साठेक मेल पाठवले. चार उत्तरं आली. सहकाऱ्याने गंमत म्हणून त्याच्या जर्मन आडनावाने त्यांतल्याच सहा जणांना तसाच मेल पाठवला, चौघांनी घर बघायला बोलावलं. त्या दिवसापासून "इथले नियम सगळ्यांना सारखे" असं कोणी म्हटलं की मी गप्प बसतो. चिठ्ठी नियमाची असेलही. पण आधीच्या भाडेकरूने तीन आठवडे जिना पुसला नसता तर त्यालाही अशीच आली असती का? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

पोस्टमास्तर (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

रानवारा, तुमचं घरांच्या बाबतीतलं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीही ते भोगलंय. आडनाव बघून दार बंद होतं.

पण चिठ्ठीचं जरा वेगळं आहे. आमच्या इमारतीत एक अस्सल इथले गृहस्थ आहेत, सात पिढ्या याच गावात. त्यांनी एकदा सायकल जिन्याखाली ठेवली तर त्यांना एका आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या, एक तर टाइप केलेली! मी एक साधी कसोटी ठेवलीय. चिठ्ठीत कामाबद्दल लिहिलं असेल तर ती नियमाची. 'तुम्ही लोक' असं लिहिलं असेल तर ती दुसऱ्या प्रकारची, आणि ती फाडायची नाही, जपून ठेवायची, पुढे लागते. गवतीचहांच्या चिठ्ठीत 'आपल्या मजल्यावर' आहे.

रानवारा (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

कसोटी आवडली. उसनी घेतो.

एकलकोंडा (मंगळवार, रात्री ११:५०)

मी फ्रँकफुर्टला सतराव्या मजल्यावर राहतो. जिना, लिफ्ट सगळं साफ करायला कंपनी येते. तीन वर्षं झाली. मला आजपर्यंत कोणी चिठ्ठी लिहिलेली नाही. तुमची चिठ्ठी वाचताना खरं सांगू, थोडा हेवा वाटला.

सातवीण (बुधवार, सकाळी ८:०५)

एकलकोंडा, पार्सलं मागवा. गंमत नाही, अनुभव सांगते. इथे तुम्ही घरी नसाल तर पार्सलवाला शेजाऱ्याकडे देतो आणि तुमच्या पत्रपेटीत चिठोरी टाकतो, 'अमक्याकडे ठेवलंय'. मग घ्यायला जावंच लागतं. माझी शेजाऱ्यांपैकी निम्म्यांशी ओळख पार्सलांनी करून दिली. एका आजोबांकडे माझी इतकी पार्सलं जायची की शेवटी त्यांनी विचारलं, एवढं काय मागवता? म्हटलं, पुस्तकं. मग त्यांच्याकडची पुस्तकं दाखवायला घरात बोलावलं. पहिली दीड वर्षं फक्त "हॅलो" आणि "चूस" (म्हणजे बाय).

भोचक (बुधवार, सकाळी ८:३०)

पार्सल यायला पत्रपेटीवर नाव तर हवं! आम्ही नवीन घरात आलो, पेटीवर जुन्या भाडेकरूचंच नाव. महिनाभर एक पत्र नाही. आम्ही खूश, किती शांत देश आहे! नंतर कळलं की पत्रं येत होती आणि 'या नावाचं इथे कोणी नाही' म्हणून परत जात होती. त्यात टॅक्स क्रमांकाचं पत्रही होतं. तो क्रमांक नसल्यामुळे पहिल्या पगारातून सगळ्यात वरच्या दराने कर कापला गेला. पुढे पैसे परत मिळाले, पण ती पगाराची चिठ्ठी बघून नवऱ्याला घाम फुटला होता. ज्यांना कोणाला यायचंय त्यांनी लिहून ठेवा: किल्ली हातात आली की पहिलं काम, पत्रपेटी आणि घंटी या दोन्हींवर कागदाची पट्टी चिकटवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

एकच पत्र न चुकता येतं. नभोवाणी-दूरदर्शन शुल्काचं. महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो, घरामागे एक. ते पेटीवर नाव नसतानासुद्धा शोधत येतं.

तिरपागडा (बुधवार, सकाळी ८:३४)

यमदूत आणि ते पत्र. पत्ता चुकत नाही.

दुपारची_झोप (बुधवार, दुपारी २:४५)

चिठ्ठ्यांचा विषय निघालाच आहे तर माझी घ्या. एका रविवारी सकाळी अकराला पडदे लावायला भिंतीला ड्रिल मारलं. एक भोक. एकच! दुसऱ्या भोकाआधी घंटी वाजली. खालचे काका. काही बोलले नाहीत, फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, अकरा वाजलेत, झोपेची वेळ नाही. ते म्हणाले, "झोनटाग." रविवार.

नंतर उत्सुकता म्हणून वाचलं तर हे प्रकरण थेट राज्यघटनेत निघालं. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९, रविवार आणि सरकारी सुट्ट्या हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. १९४९ ची घटना लिहिताना कलम १४० मध्ये ते जसंच्या तसं उचलून ठेवलं. म्हणजे मी एका भोकाने खालच्या काकांच्या मनाची उन्नती बिघडवली. दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या रिकाम्या बाटल्या मोठ्या पिंपात टाकणंही बंद, कारण खळ्ळकन आवाज होतो.

पहिलं वर्ष रविवार अंगावर यायचा. शनिवारी दूध आणायचं विसरलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. आता भारतात गेलो आणि रविवारी कोणी काम सांगितलं की मीच घड्याळाकडे बोट दाखवतो.

तिरपागडा (बुधवार, दुपारी ३:००)

दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांना जर्मनीत काहीच नवीन वाटत नसणार.

दुपारची_झोप (बुधवार, दुपारी ४:०२)

आयडीवरून ओळखलंत ना? आत्ताच उठलो.

चिंचगूळ (बुधवार, रात्री ८:१९)

माझी आई ९० दिवसांच्या व्हिसावर जानेवारीत आली होती. घरमालकांनी आम्हाला बजावलं होतं, दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवा, नाहीतर भिंतीला बुरशी येईल. बाहेर उणे चार. मी एक खिडकी उघडून पुढे जायची, मागून आई बंद करत यायची. "पोराला न्यूमोनिया करतेस काय?" मी परत उघडायची. असा आमचा गरबा रोज दोनदा.

मग मी हरले, आणि दोन महिन्यांनी कपाट सरकवलं तर मागे काळा नकाशा. कुकरच्या शिट्ट्या, अंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी गार भिंतीवर जाऊन बसलं होतं. घर सोडताना अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले. (अनामत म्हणजे मूळ भाड्याच्या तिप्पटपर्यंत असते, तेव्हा सावध.) आईला अजून सांगितलेलं नाही. ती हा धागा वाचत नाही, नाहीतर आशिर्वादाऐवजी दुसरंच काही मिळेल.

वेलांटी (बुधवार, रात्री ८:२४)

आशीर्वाद. 'शी' दीर्घ.

चिंचगूळ (बुधवार, रात्री ८:२५)

काका, तुम्ही जर्मनीत असता तर दारादारावर चिठ्ठ्या लावल्या असत्या.

निळी_छत्री (गुरुवार, सकाळी १०:१२)

अवांतर: भाषेबद्दल कोणीच कसं बोललं नाही? आमच्या वर्गात स्पेनचा एक मुलगा आकड्यांनी रडकुंडीला यायचा. २१ ला 'एक आणि वीस' म्हणायचं, ७४ ला 'चार आणि सत्तर'. तो म्हणाला, हे उलटं कोण मोजतं? मी म्हटलं, आम्ही! एकवीस, चौऱ्याहत्तर, एकक आधीच येतो की. वर त्याला एकोणऐंशी समजावून सांगितलं, 'एक कमी ऐंशी'. त्यानंतर त्याने जर्मनबद्दल तक्रार केली नाही.

तसंच देर, दी, दास. इंग्रजीवाले डोकं आपटतात. आपल्याला तो, ती, ते पाळण्यातच मिळालेलं आहे. फक्त गोची अशी की आपली वाटणी वेगळी. आपला तो चमचा, तो काटा, ती सुरी. त्यांचा चमचा तो, काटा ती, सुरी ते. सूर्य इथे बाई आहे. निम्मे शब्द डोक्यातून पुसून परत लिहावे लागतात आणि लिंग चुकलं की कधीकधी शब्दाचा अर्थच बदलतो.

'झी' आणि 'डू' मात्र मला एका दिवसात कळलं. अहो आणि अरे. वयाने मोठं माणूस स्वतःहून 'अरे म्हण' म्हणत नाही तोवर अहोच.

सातवीण (गुरुवार, सकाळी १०:५०)

एकोणऐंशी!!! मेले हसून.

घाटरस्ता (गुरुवार, दुपारी १२:३३)

भारतीय परवान्यावर इथे सहा महिनेच गाडी चालवता येते, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. मी म्हटलं, पंधरा वर्षं घाटात गाडी चालवलीय, मला काय शिकवणार. प्रत्यक्ष परीक्षेत चौथ्या मिनिटाला नापास. गल्लीच्या चौकात पाटी-सिग्नल काही नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडून एक सायकलवाल्या आजी येत होत्या, लांब होत्या, मी हॉर्न देऊन पुढे गेलो. परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. आजींनी मला हात केला. मी त्यांना केला.

भोचक (गुरुवार, दुपारी १२:४०)

हॉर्न!!! परीक्षेत!!!

एक_दोन_साडेमाडे (गुरुवार, संध्याकाळी ५:०१)

लोकहो, धागा स्टुटगार्टहून घाटात पोचला. ताईंनी विचारलं होतं, उत्तर द्यावं का? माझं मत: द्यावं, आणि लेखीच. त्यांनी ज्या रस्त्याने निरोप पाठवला त्याच रस्त्याने परत जावं. दार वाजवलंत तर त्यांची पंचाईत होईल. त्या सत्तरीच्या, तुमची जर्मन चार महिन्यांची. त्यांना जोरात आणि हळू बोलावं लागेल, तुम्हाला परत परत विचारावं लागेल, दोघी अवघडणार. कागदाला वेळ असतो. शब्दकोश उघडून वाचता येतो.

पोस्टमास्तर (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

अनुमोदन. तीन-चार ओळी, 'झी' वापरून. आपल्या सवयीप्रमाणे माफीवर माफी मागू नका, एकदा पुरे. आणि जिना आधी पुसा, मग चिठ्ठी. उलट नको.

कोपरे विसरू नका.

गवतीचहा (शनिवार, दुपारी ३:३७)

मंडळी, एक गोष्ट कबूल करायची आहे. हसू नका. बरं, हसा.

आज सकाळी जिना पुसायला काढला. लेक म्हणाली, मी पण. तिला म्हटलं, तू तुझं खेळण्यातलं घर आवर. तिने खोक्यांचं घर केलंय, त्याला खऱ्यासारखं दार, दाराला दोरी. मी बादली भरून येताना सहज बघितलं तर त्या दोरीला लाकडी पाटी. पिवळी, हाताएवढी, जळक्या अक्षरांत 'केरवोखे', खाली झाडूचं चित्र.

"ही कुठून आणलीस?" "आपल्या दारावर होती. बाहुलीला दिली. तिच्या घराला नाव नव्हतं ना."

कधी? "खूप दिवस झाले."

म्हणजे हिशेब असा लागतो: आम्ही आलो तेव्हा बाईंनी नवीन माणसं म्हणून पहिले तीन आठवडे स्वतःच पुसलं. मग रीतसर पाटी आमच्या मुठीला लावली. ती त्याच दिवशी बाहुलीकडे गेली. आणि पाटी परत आली नाही म्हणजे आमचा आठवडा अजून संपलेला नाही! त्यांच्या लेखी तीन आठवडे तो एकच आठवडा चालू होता. त्यांनी जिना तसाच राहू दिला, पण पाटीशिवाय फडक्याला हात लावला नाही.

तिरपागडा (शनिवार, दुपारी ३:४१)

बाहुलीने तरी पुसलं का?

रानवारा (शनिवार, दुपारी ३:५८)

मी माझे मंगळवारचे शब्द या एका बाईंपुरते मागे घेतो. फक्त या एका.

पोस्टमास्तर (शनिवार, दुपारी ४:२०)

बावीस वर्षांत हे ऐकलं नव्हतं. :)) चिठ्ठीत खरं कारण लिहा. लपवू नका.

सातवीण (शनिवार, दुपारी ४:३३)

पाटी परत लावण्याआधी लेकीला बाहुलीच्या घरासाठी दुसरी करून द्या, नाहीतर पुढच्या महिन्यात परत हाच धागा.

गवतीचहा (पुढचा मंगळवार, रात्री ९:०२)

तर पुढचं.

शनिवारीच जिना पुसला, कोपऱ्यांसकट. लाकडी जिना असल्यामुळे फडकं घट्ट पिळून घ्यावं लागतं, हे तिसऱ्या पायरीवर पाणी साचल्यावर कळलं. लेकीने कठड्याच्या प्रत्येक दांडीला एक एक फडकं मारलं. मग रात्री बसून चिठ्ठी लिहिली. नवऱ्याने मोबाइलवर भाषांतर करून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. चार ओळी: चिठ्ठीबद्दल आभार, उशिराबद्दल माफी, आमच्या मुलीने पाटी खेळायला घेतली होती, आता आम्हाला पद्धत कळली. खाली मैत्रीपूर्ण नमस्कारांसह. पाटी त्यांच्या मुठीला अडकवली, चिठ्ठी दाराला चिकटवली आणि चोरासारखी आत पळाले.

आज कामावरून आले तर आमच्या दारावर माझीच चिठ्ठी.

म्हटलं, संपलं. परत केली! मग नीट पाहिलं. पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, दुरुस्त्या केल्या होत्या. दोन ठिकाणी स्वल्पविराम. एका नामाचं पहिलं अक्षर मोठं केलेलं. आणि 'पाटी'च्या खाली लहरी रेघ. मी 'देन शिल्ड' लिहिलं होतं ('देन' म्हणजे 'देर'चंच वाक्यात बदललेलं रूप). त्यांनी 'देन' खोडून 'दास' केलंय आणि समासात लिहिलंय: देर शिल्ड म्हणजे लढाईतली ढाल. दास शिल्ड म्हणजे पाटी.

मी त्यांना लेखी कळवलं होतं की आमच्या मुलीने खेळायला ढाल घेतली.

अगदी खाली, निळ्या शाईत, एक ओळ: "बाकी फार छान. शाळेत ३६ वर्षे शिकवले, सवय जात नाही."

निळी_छत्री (मंगळवार, रात्री ९:०६)

सांगितलं होतं, लिंग चुकलं की अर्थ बदलतो!

एकलकोंडा (मंगळवार, रात्री ९:१५)

फार सुंदर. (मी आज एक पार्सल मागवलं.)

वेलांटी (मंगळवार, रात्री ९:१८)

पेन्सिलीने, हलक्या हाताने. मला हे कधी सुचलं नाही. बाईंना कृपया इथलं सभासदत्व द्यावं.

तिरपागडा (मंगळवार, रात्री ९:२१)

मग सध्या ढाल कोणाकडे आहे?

गवतीचहा (मंगळवार, रात्री ९:३०)

त्यांच्या दारावर. शनिवारी माझ्याकडे येईल. लेकीने बाहुलीसाठी पुठ्ठ्याची नवीन पाटी केलीय, त्यावर तिने 'दास' लिहून घेतलंय माझ्याकडून. नुसतं 'दास'.